फुटलेली सहा ठिगळं

१

ही गोष्ट कुणालाही खरी वाटत नाही. या टेबलाभोवती नव्या माणसांच्या एकवीस तुकड्या चहा पिऊन गेल्या, आणि त्यातल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. कारण या गोष्टीतला गुन्हेगार माणूस नाही, जनावर नाही, जंतूही नाही. गुन्हेगार आहे एक शब्द. तीन अक्षरांचा. तुमच्या आजीपासून तुमच्या शेंबड्या भाच्यापर्यंत सगळे तो रोज वापरतात. याच शब्दाने एका आठ महिन्यांच्या पोरीचा जीव टांगणीला लावला होता.

साक्षीदार हवाय? समोर बसलीये. आजपासून जी तुमची प्रमुख झाली, ती. त्या वेळी ती इथे नवखी तंत्रज्ञ होती आणि अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणायचे.

"काका, थोडक्यात आटपा," म्हणतेय ती. आटपतो.

तर सोमवार होता. सकाळी नऊच्या ठोक्याला चिकटबाई लॅबमध्ये आल्या. चिकटबाई म्हणजे तेव्हाच्या प्रमुख, बासष्ट वर्षांच्या. हे नाव त्यांना तीन प्रकारे शोभायचं. शरीराच्या आत चिकटून राहतील अशा वस्तू बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. धरलेली गोष्ट त्या सोडत नसत. आणि त्यांच्याकडे पुसायला दुसरा कागद मागितला, तर पहिल्याचं काय केलं ते आधी सांगावं लागायचं.

त्यांच्या आयुष्याची कमाई म्हणजे ते ठिगळ. लॅबमध्ये सगळे ठिगळच म्हणायचे. नखाएवढं, मऊ, पारदर्शक. बाळाच्या हृदयातल्या पडद्याला भोक असेल, तर त्यावर ते नुसतं ठेवायचं. सुई नाही, टाका नाही; रक्ताने ओल्या झालेल्या जागीही ते आपलं आपण चिकटतं. मग वर्षभरात शरीर तिथे स्वतःचं मांस विणतं आणि ठिगळ हळूहळू विरघळून जातं.

त्या आठवड्यात पहिल्यांदा ते खऱ्या बाळाच्या हृदयावर बसणार होतं. शुक्रवारी शस्त्रक्रिया. त्याआधीची शेवटची चाचणी एकच: बाळाला बसणाऱ्या ठिगळाच्याच घाण्यातली सहा ठिगळं अंगाइतक्या कोमट खारट पाण्याच्या टाकीत तीन दिवस बुडवून ठेवायची, मग एकेक काढून यंत्रावर चिकटवायचं आणि खालून पाण्याचा दाब वाढवत न्यायचा. बाळाच्या हृदयात दाब शंभरच्या आतबाहेर. ठिगळाने तीनशे तरी सोसायला हवेत.

पेन्सिलने पहिलं ठिगळ चढवलं. काटा साठवर गेला, ऐंशीवर गेला. नव्वदला ठिगळ फाटलं.

"माझंच बसवताना चुकलं असेल," पेन्सिल म्हणाली.

दुसरं एक्याण्णवला. तिसरं नव्वदला. सहावंही नव्वदला फाटलं. चिकटबाईंनी सहाही तुकडे ओळीने मांडले, भिंग लावून बघितले आणि अगदी हळू म्हणाल्या, "दाराला कडी लाव. आणि शुक्रवारपासून या खोलीत कोण कोण येऊन गेलं, त्याची यादी कर."

२

यादी करायला सांगितलं खरं, पण बाईंना धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

सदतीस वर्षं त्या या कामात होत्या. सुरुवात डोळ्यांच्या भिंगांपासून. पापणीखाली दिवसभर काय सोसवतं हे कळावं म्हणून बाईंनी आपल्याच डोळ्यांत भिंगं घालून बघितली होती, आणि दोन महिने त्या रडल्यासारख्या डोळ्यांनी हिंडल्या. त्यांच्या सासूबाईंनी तर मुलालाच झापलं होतं की पोरीला कशाला रडवतोस. मग हाडात बसवायचे, आपोआप विरघळणारे स्क्रू. त्यावर नऊ वर्षं घातली आणि ते हाड जुळायच्या आधीच विरघळू लागले. नऊ वर्षांचं काम चार पानी शोधनिबंधात मावलं, आणि त्याचा मथळा होता 'असे का करू नये'. बाईंना स्वतःच्या सगळ्या लिखाणात तोच निबंध आवडायचा.

शरीर म्हणजे खाष्ट आत्या, असं त्या नव्या माणसांना सांगायच्या. परकी वस्तू घरात आली रे आली, की आत्याबाई आधी तिला कोपऱ्यात गाठतात, भोवती पेशींचा गराडा घालतात आणि खोदून खोदून चौकशी करतात. आपण अशी वस्तू बनवायची की आत्याबाईंना ती माहेरचीच वाटावी. ठिगळाच्या बाबतीत हे जमायला चौदा वर्षं लागली.

फोन वाजला. पलीकडे सर्जन. हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

"ताई, झाली का चाचणी?"

"चालू आहे."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"सर्दी आहे."

"बरं. पोरीची आई सकाळपासून बाहेर बाकावर बसलीये. टाके तिच्या हृदयाला झेपणार नाहीत, पडदा ओल्या कागदासारखा आहे. शुक्रवारच्या पुढे आठवडाभर थांबता येईल, त्याहून जास्त नाही. तू हो म्हणालीस तर करतो, नाही म्हणालीस तर नाही. मला कारणं नकोत ताई, एक शब्द दे."

"गुरुवारी देते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता गुंता बघा. ठिगळं फुटली याची कारणं दोनच असू शकत होती. एक तर ठिगळात खोट होती, म्हणजे पोरीला ठिगळ नाही आणि चौदा वर्षं पाण्यात. किंवा कुणीतरी त्यांना काहीतरी केलं होतं, म्हणजे ठिगळ निर्दोष आणि शुक्रवार पक्का.

पेन्सिलने यादी समोर ठेवली. तीनच नावं होती, आणि पहिलं तिचं स्वतःचं.

३

यादीतला दुसरा माणूस म्हणजे जावई. तो कुणाचाही जावई नव्हता. बाईंचा जुना विद्यार्थी. पण लॅबमध्ये आला की खुर्ची ओढून पाय लांब करायचा आणि चहाची वाट बघायचा, म्हणून जावई. पदवी घेऊन तो एका कंपनीत गेला होता. ती कंपनी टाक्यांनी शिवायचे हृदयाचे पडदे बनवायची. ठिगळ यशस्वी झालं, तर त्यांच्या पडद्यांना गिऱ्हाईक उरलं नसतं. आणि जावई नेमका शनिवारी येऊन गेला होता. दारावरच्या वहीत सही, आत अर्धा तास.

तिसरा माणूस फिटर. लॅबची सगळी यंत्रं त्याच्या हातची. उंच, रुबाबदार, बोलायला लागला की बायकापुरुष सगळे काम सोडून ऐकायचे. लॅबमधला सगळ्यात देखणा माणूस.

"काका!"

बरं, दुसऱ्या नंबरचा देखणा. हा दर शनिवारी कारखान्याकडच्या दाराने यायचा, त्यामुळे वहीत त्याची सही कधीच नसायची.

बाईंनी आधी फिटरला विचारलं. तो दारातच उभा राहिला. "टाकीत काही बिघाड?" बाई म्हणाल्या.

"सदतीसला सदतीस आहे बाई. तुमच्या हाताने मोजून घ्या."

बाईंनी वेगळा तापमापक आणून मोजलं. सदतीस. एका अंशाचाही फरक नाही.

मग पेन्सिल. बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "शुक्रवारी दुपारी बाराला सोडली बाई. हात धुतले, दोन वेळा धुतले. नवीन हातमोजे. पाण्यात मीठ तोलून घातलं. काटा बघितला, सदतीस होता. आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट तर नवाच आहे, म्हणून मी निर्धास्त होते."

"नवाच आहे, दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "रडू नकोस. अश्रूतही मीठ असतं, पुन्हा तोलावं लागेल."

संध्याकाळी जावई आला, बोलावल्यावर लगेच. खुर्ची ओढली, पाय लांब केले. "काय बाई, आज चहा नाही?"

"शनिवारी कशाला आला होतास?"

"माझ्या जुन्या वह्या न्यायला. तुम्हीच नाही का म्हणालात, कपाट रिकामं कर."

"टाकीला हात लावलास?"

 तो पाय आवरून सरळ बसला. "किती फुटली?"

"सहा."

"सहाही?" त्याचा चेहरा खरोखर उतरला. "बाई, एक सांगू? रागावू नका. तुम्हाला मी चोर हवाय. मी चोर ठरलो की ठिगळ साव ठरतं. हो की नाही?"

बाईंनी नजर फाटलेल्या तुकड्यांकडे वळवली.

"मग मी कबूल करतो. हवं तर लिहूनही देतो की मीच काहीतरी ओतलं पाण्यात. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तुम्ही सर्जनसाहेबांना हो म्हणून सांगा. फक्त एकच गोष्ट: मी काहीही ओतलेलं नाही. तेव्हा शुक्रवारी पोरीच्या हृदयात काय होईल, ते तुमचं तुम्ही बघा."

असं म्हणून तो उठला आणि चहा न पिता निघून गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

४

त्या रात्री बाई लॅबमध्येच बसून राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. सकाळी फाटलेली ठिगळं बघून त्यांनी पहिलं काय केलं? माणसांची यादी मागितली. पदार्थाची शंका घ्यायच्या आधी माणसांची घेतली. विद्यार्थ्यांना आयुष्यभर उलटं शिकवलं होतं. स्क्रूच्या वेळी नऊ वर्षं त्यांनी एकाही माणसाला दोष दिला नव्हता, आणि आज सहा तुकड्यांसाठी जुन्या पोराला चोर म्हणायला निघाल्या होत्या.

मग ठरवलं: आता माणसांना विचारणं बंद. आता वस्तूंना विचारायचं.

मंगळवारी सकाळी फाटलेल्या सहा तुकड्यांपासून सुरुवात केली. नव्वद, एक्याण्णव, नव्वद, ब्याण्णव, एक्याण्णव, नव्वद. माल खराब असता, तर एक ठिगळ साठला गेलं असतं आणि एक दोनशेला. खराब माल कधी असा शिस्तीत वागत नाही. कुणी ब्लेड लावलं असतं, तर सहा तुकडे सहा तऱ्हांनी फाटले असते. सगळी अशी हातात हात घालून फाटली, म्हणजे सगळ्यांवर एकच गोष्ट एकसारखी गुदरली होती. आणि सहांना सामाईक एकच गोष्ट होती: पाणी.

बाईंनी टाकी पुढे ओढली. पत्र्याची टाकी, वर सैलसर झाकण. त्यांनी ते उचललं आणि आतल्या भिंतीकडे बघत राहिल्या.

पाण्याच्या वर, दोन बोटं उंचीवर, पांढरी रेघ होती. मिठाची. सगळ्या भिंतींवर सारखी, जणू कुणी खडूने आखली.

"पेन्सिल, शुक्रवारी पाणी कुठवर भरलं होतंस?"

"खुणेपर्यंत बाई. नेहमीसारखं. ही बघा खूण..." आणि तिचं बोट बरोबर त्या पांढऱ्या रेघेवर टेकलं.

"आता कुठे आहे?"

"दोन बोटं खाली." ती गोंधळली. "गळती?"

"गळतीने रेघ उमटत नाही. वाफ होऊन जातं तेव्हा मीठ मागे राहतं. सदतीसला तीन दिवसांत किती वाफ होईल?"

"अर्धा बोटही नाही."

"मग दोन बोटं कशी झाली?"

पेन्सिलने टाकीवरून हात झटकन मागे घेतला, जणू ती आत्ता पोळत होती. "म्हणजे तापली होती?"

"चांगली तापली होती. बाळाला आंघोळ घालता येणार नाही इतकी. ठिगळ अंगाच्या उबेत वर्षभर टिकतं. उकळायला आलेल्या पाण्यात ते एका रात्रीत वर्षभर म्हातारं होतं. फाटेल नाही तर काय?"

पेन्सिल आनंदाने उडीच मारणार होती, पण बाईंनी बोट वर केलं. "थांब. एवढी तापलेली टाकी सोमवारी सकाळी सदतीसवर कशी आली? टाकी आपलं आपण शहाणी होत नाही. कुणीतरी तिला ताळ्यावर आणलं. आणि कुणाला काही बोललं नाही."

५

वस्तूंना विचारायचं म्हटल्यावर बाईंनी टाकी बाहेरूनही बघितली. दिवा जवळ धरून, चारही बाजूंनी. पुढच्या पत्र्यावर, डोळ्यांच्या उंचीला, दोन चिकट डाग होते. साध्या चिकटपट्टीचे. असे डाग कुठल्याही लॅबमध्ये पन्नास असतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण बघणारीचं नाव चिकटबाई होतं.

त्यांनी नखाने डाग खरवडला. मग टाचणीने. मग भिंग लावलं आणि हसल्या, सोमवारनंतर पहिल्यांदा.

"काय झालं बाई?"

"चिकटपट्टी थंड पत्र्यावरून ओढली तर काय होतं?"

"निघते."

"गोंद सोबत घेऊन, सासर सोडणाऱ्या बाईसारखी, मागे काही ठेवत नाही. पण पत्रा गरम असेल, तर गोंद पाघळतो, त्याचे दोरे निघतात, अर्धा पट्टीवर जातो आणि अर्धा पत्र्यावर राहतो. हे दोरे बघ."

पेन्सिलने भिंगातून बघितलं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, सगळे एकाच दिशेला ओढलेले.

"इथे काहीतरी चिकटवलेलं होतं," बाई म्हणाल्या, "आणि टाकी तापलेली असताना कुणीतरी ते काढून घेतलं. काय होतं इथे?"

"चिठ्ठी होती," पेन्सिल सहज म्हणाली. "शुक्रवारी मी वाचली ना. त्यावरूनच तर कळलं मला थर्मोस्टॅट नवा आहे ते."

"काय लिहिलं होतं? शब्द न् शब्द सांग."

"'नवा थर्मोस्टॅट — परवा.' एवढंच. काकांचं अक्षर. आणि बुधवारी मी स्वतः काकांना टाकीखाली पाना घेऊन पडलेलं बघितलं होतं. शुक्रवारच्या आधी परवा म्हणजे बुधवारच. बरोबर जुळलं. म्हणून मी ठिगळं सोडली."

बाई स्टुलावर बसल्या. डोक्याला हात लावला.

"पेन्सिल, परवा म्हणजे कोणता दिवस?"

"कालच्या आधीचा."

"आणि?"

"आणि..." पेन्सिलचं तोंड उघडंच राहिलं. "उद्याच्या नंतरचा."

झालं! सापडला गुन्हेगार. काय भाषा आपली! गेलेल्या दिवसाला आणि येणाऱ्या दिवसाला एकच शब्द, आणि चिठ्ठीत क्रियापद नाही. 'बसवला' नाही, 'बसवणार' नाही. फिटरने ती चिठ्ठी गुरुवारी लावली होती. जुना थर्मोस्टॅट अधूनमधून अडकतो हे त्याला बुधवारी कळलं. नवा भाग शनिवारी यायचा होता. तो पुढचा परवा लिहून गेला, आणि हिने मागचा परवा वाचला. शुक्रवारी दुपारी काटा सदतीसवर होता, कारण तेव्हा तो अडकला नव्हता. अडकला तो नंतर, आणि टाकी तापत गेली.

सगळं जुळलं होतं. तरी बाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यांनी पदर खोचला, पेन्सिलला म्हणाल्या, "तू इथेच थांब," आणि जिना उतरून एकट्याच कारखान्याकडे निघाल्या.

६

फिटर खिडकीशी बसला होता. उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं. वेल्डिंग करताना पोळलं होतं म्हणे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बाईंना बघून तो उठला.

"बसा," बाई म्हणाल्या. "परवा म्हणजे कोणता परवा?"

फिटर हुशार माणूस. पुढचं सांगावं लागलं नाही. "येणारा," तो म्हणाला. "शनिवार."

"शनिवारी बसवलात?"

"सकाळी दहाला. बसवला, चिठ्ठी काढून टाकली. काम झालं की चिठ्ठी काढायची, माझी पद्धत आहे."

"पत्रा गरम लागला नाही?"

"थोडा लागला."

"आणि आत ठिगळं होती, ते?"

"मला काय ठाऊक बाई? मी झाकण उघडलंच नाही. बाहेरच्या बाहेर काम झालं. माहीत असतं, तर तिथल्या तिथे तुम्हाला घरी फोन केला असता."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याच्या हातावरच्या फडक्याकडे.  मग त्या म्हणाल्या, "बरं."

एवढंच. बरं. आणि निघून आल्या.

आता कुणाला वाटेल की बाईंनी तिथूनच भावाला फोन केला असेल. नाही केला. त्या चिकटबाई होत्या. त्या पेन्सिलला म्हणाल्या, "आपल्याला गोष्ट सापडलीये, पुरावा नाही. जुळणारी गोष्ट सापडली की माणूस तपासणं सोडतो, तिथेच पोरं मरतात." त्याच दुपारी बारा ठिगळं काढली. सहा ऐंशी अंशांत, मुद्दाम, एक रात्र. सहा सदतीसला, अठ्ठेचाळीस तास, कारण गुरुवारपर्यंत तेवढेच हातात होते; दर तासाला कुणीतरी उठून तापमान लिहायचं. जावयाला निरोप गेला. तो आला आणि बाईंनी स्वतः चहा करून दिला. तो म्हणाला, "साखर कमी आहे," आणि मग रात्रपाळीला बसला.

बुधवारी तापवलेली सहा फोडली. नव्वद, एक्याण्णव, एकोणनव्वद. तीच शिस्त. गुरुवारी दुपारी सदतीसची सहा यंत्रावर चढवली. पहिलं तीनशे वीस. दुसरं तीनशे पाच. सहावं तीनशे अठराला सुटलं तेव्हा पेन्सिल जमिनीवर बसून रडत होती, आणि या वेळी बाईंनी मिठाचा विनोद केला नाही. त्यांनी फोन उचलला.

"हो," त्या भावाला म्हणाल्या.

"कारण सांगतेस?"

"तुला एकच शब्द हवा होता ना? दिला."

शुक्रवारी ठिगळ बसलं. ती पोरगी आता कॉलेजात जाते. मला परवाच भेटली. गेल्या परवा! हसू नका. हृदयात तिच्या ठिगळाचा मागमूसही नाही, सगळं तिचं स्वतःचं मांस.

लॅबमध्ये त्या दिवसापासून एक नियम आहे, तुम्ही आज सकाळी भिंतीवर वाचलाच असेल: क्रियापदाशिवाय आणि तारखेशिवाय चिठ्ठी लावायची नाही. बाईंनी अहवाल लिहिला, त्यात कारण म्हणून एकच ओळ: 'चिठ्ठी चुकीची वाचली गेली.' कुणावर ठपका नाही. कारण दोष कुणाचाच नव्हता. फिटरने आपलं काम चोख केलं होतं. टाकीत काय आहे ते बिचाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. दोष त्या तीन अक्षरांचा. आणि अगदीच द्यायचा म्हटला तर वाचणारीचा, थोडासा.

हसा, हसा. दरवर्षी हसतात. हे बघा, हा चष्मेवाला तर म्हणतोय, "मॅडम, मेहेरबानी करून आमच्या चिठ्ठ्या तुम्ही वाचू नका!"

पेन्सिलने कप खाली ठेवला. ती हसत नव्हती.

"खोटं आहे, काका," ती म्हणाली. "त्या टाकीचा थर्मोस्टॅट आत असतो, पाण्यात. झाकण उघडून हात घातल्याशिवाय तो निघत नाही. तुम्ही शनिवारी झाकण उघडलंत, उकळत्या पाण्यात माझी सहा ठिगळं पाहिलीत, आणि झाकण लावून घरी गेलात."